शून्य गल्ली

गटारावरून घोडसरे नगरपरिषदेत जेवढी भांडणं झाली तेवढी निवडणुकीतही झाली नाहीत, आणि त्यातली निम्मी मी केली. सांगायला लाज कसली? मी वृषाली ढोकणे, बारव गल्लीची नगरसेविका, आरोग्य आणि स्वच्छता समितीची सभापती. सभापतिपद म्हटलं की लोक बांधकाम मागतात, पाणीपुरवठा मागतात. आरोग्य म्हणजे डास, डुकरं आणि तुंबलेले नाले. कुणी घेईना म्हणून ती समिती माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, द्या. याच गटारातून तुम्हाला काहीतरी काढून दाखवते.

आणि काढून दाखवलंच की.

त्या वर्षी भुयारी गटाराचं काम रडतखडत एकदाचं संपलं होतं. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक चेंबर झालं. आमचे आरोग्य अधिकारी डॉक्टर चारुदत्त भोसेकर म्हणजे हाडाचा सरळ माणूस. बोलायला उभे राहिले की आधी घसा साफ करणार, मग चष्मा, आणि तेवढ्यात समोरचा उठून गेलेला असतो. त्यांनी एका विद्यापीठाच्या मागे लागून या चेंबरांमध्ये बसवायची यंत्रं आणली. कागदावर त्यांचं नाव ‘सांडपाणी निदान प्रणाली’. गावानं दुसऱ्याच दिवशी बारसं केलं, ‘गटारज्योतिषी’.

डॉक्टरांनी मला ते असं समजावलं. कणकेच्या गोळ्यात एखादी किल्ली दाबून काढली की तिचा खड्डा राहतो. मग हजार किल्ल्या आणा, त्या खड्ड्यात नेमकी तीच बसते. यंत्रात एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर असेच खड्डे असतात, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. कुठला एखाद्या रोगजंतूच्या कवचाचा, कुठला एखाद्या औषधाच्या रेणूचा. गल्लीचं सांडपाणी त्यावरून वाहतं. ज्याचा खड्डा तो त्यात जाऊन बसला की पापुद्र्यातून जाणारी वीज जरा बदलते, आणि किती बसले ते यंत्र मोजतं. घर कुठलं ते कळत नाही. गल्ली कळते.

पहिल्याच पावसाळ्यात कासार गल्लीच्या चेंबरनं काविळीचे जंतू दाखवले. गल्लीत एक माणूस आजारी नाही, सगळे ठणठणीत. सभेत शफीकभाई तांबोळी, आमचे विरोधी पक्षनेते, उठून म्हणाले की या बाईंनी गावाला हागणदारीचं पंचांग आणून दिलंय. डॉक्टर म्हणाले, कावीळ अंगात उमटायच्या आधी कितीतरी दिवस जंतू संडासातून बाहेर पडतात, आत्ताच खोदा. मी उभी राहून खोदून घेतलं. पिण्याच्या पाण्याची जुनी पाइपलाइन सांडपाण्याच्या डबक्यात बसलेली सापडली. ती बदलली. पाच-सहा जण पिवळे झाले तेवढ्यावर भागलं, नाहीतर अर्ध्या गावाला झोपवलं असतं. पुढच्या सभेत शफीकभाईंनीच माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. माणूस जिभेचा तिखट, पण मनाचा मोकळा.

दुसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, ताई, जंतूंबरोबर औषधंही मोजू या. टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं. पण त्या पोटात जातात की गादीखाली, हे कुणाला माहीत? गोळी पोटात गेली तर तिचा अंश लघवीतून गटारात येतो, गादीखाली गेली तर येत नाही. म्हणजे दवाखान्यातून किती जण औषध नेतात आणि खरंच किती जण घेतात, ते गल्लीवार कळेल. आकडे माझ्या खोलीतच राहतील, असंही ते म्हणाले.

आमच्या नगरपरिषदेत एखादी गोष्ट एका खोलीत राहील? नगराध्यक्ष बापूसाहेब कडलग यांना फ्लेक्सचा भारी सोस. ‘लोकांचं गटार, लोकांचे आकडे’ असं म्हणत त्यांनी नगरपरिषदेच्या फाटकावर भला मोठा झगझगीत बोर्ड लावला. प्रत्येक गल्लीचं नाव, पुढे कावीळ किती, टीबी किती, महिन्याच्या महिन्याला. आणि बोर्ड आला की स्पर्धा आलीच. आमच्या गावाला स्पर्धेशिवाय काही गोडच लागत नाही. गणपतीची आरास, रांगोळी, स्वच्छ गल्ली, एवढंच काय, लसीकरणाचीसुद्धा आम्ही स्पर्धा घेतली होती. तेव्हा ‘शून्य गल्ली’ स्पर्धा निघाली. ज्या गल्लीपुढे टीबीचं शून्य, त्या गल्लीच्या नगरसेवकाला ढाल आणि शाल-श्रीफळ.

आमच्या सभागृहाची रीत तुम्हाला सांगायला हवी. विषय वाचून संपायच्या आत बाकं वाजतात. ‘मंजूर, मंजूर’ झालं की पुढचा विषय. त्या दिवशीही तसंच झालं. डॉक्टर उभे राहिले, घसा साफ केला, चष्मा पुसला, तोवर आम्ही मोकाट कुत्र्यांवर पोचलो होतो. टीबीच्या बाबतीत यंत्र मोजतं ते औषध, रोग नव्हे, एवढी साधी गोष्ट एकाच्याही टाळक्यात आली नाही. बाक मीही वाजवलं होतं.

पुढे काय होणार ते कुणीही सांगू शकलं असतं, पण सांगितलं नाही. लग्नाच्या बोलण्यात आधी शेती विचारायचे, नोकरी विचारायचे. आता विचारायला लागले, ‘गल्ली कुठली? आणि बोर्डावर किती?’ मध्यस्थ लोक मोबाइलवर बोर्डाचे फोटो घेऊन फिरायला लागले. बावीस-पंचवीस घरांच्या गल्लीत ‘टीबी १’ असं झळकलं की पुढचं काम गल्लीच करते. कोण वाळलंय, कोणाला खोकला आहे, कोणाच्या खिडक्या बंद असतात.

बारव गल्लीपुढचा तो ‘१’ आमच्याच घरात राहत होता.

कुंदा वन्सं, माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. वन्संचे यजमान गेले तेव्हा त्यांची ईश्वरी दुसरीत होती. तेव्हापासून मायलेकी आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत. वन्सं नगरपरिषदेच्या वाचनालयात काम करतात, सभागृहाच्या बरोबर खालच्या मजल्यावर. बाई शिस्तीची. गावातला एक माणूस पुस्तक परत करायला विसरत नाही, कारण वन्सं रस्त्यात गाठून आठवण करतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती. सासूबाईंच्या नकळत वन्संनी शिकवली, आणि ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चैत्रात त्यांना संध्याकाळचा ताप यायला लागला, खोकला हटेना, वजन उतरलं. तपासलं तर टीबी. घरात तिघींनाच माहीत, वन्सं, ईश्वरी आणि मी. आमच्या ह्यांना नुसता ‘ताप’ सांगितला, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. हार्डवेअरचं दुकान, दिवसभर गिऱ्हाईक. सकाळी सांगितलेलं दुपारी गावभर. पहिले दोन महिने वन्संनी माझ्या डोळ्यांदेखत गोळ्या घेतल्या. खोकला गेला, अंग भरलं. डॉक्टर म्हणाले, आता कुणाला लागण व्हायची भीती नाही, पण सहा महिने पुरे करायचे म्हणजे करायचे. मला वाटलं, सुटलो.

त्याच सुमारास ईश्वरीचं जमलं. नवी पेठेतला मल्हार शेवाळे, दोघं एकाच कंपनीत सौरपंपांचं काम करतात. एकमेकांना त्यांनीच पसंत केलेलं, मोठ्यांनी मान डोलवायची तेवढी बाकी होती. साखरपुडा आमच्या घरी झाला. मल्हारची आई शैलजाबाई, मोजकं बोलणाऱ्या, नजर मात्र चौफेर. त्यांच्या घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. चहा घेता घेता त्या सहज म्हणाल्या की तुमच्या गल्लीत टीबीचा एक आहे म्हणे, कोण हो? मी म्हटलं, असेल कुणीतरी, नवी पेठेतही दोन आहेत की. ‘आमची पेठ मोठी. तिथं कोण कुणाला मोजतंय,’ असं म्हणून त्यांनी कप खाली ठेवला. वन्सं तिथंच ट्रे घेऊन उभ्या होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही त्यांच्या. आमची माणसं झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत जन्म काढतात.

पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत बापूसाहेबांनी निकाल वाचला. एका झटक्यात सात गल्ल्या शून्य. टाळ्या, बाकं, फोटो काढणाऱ्यांची गर्दी. पहिलंच नाव बारव गल्ली. मला पुढे बोलावलं, शाल घातली, नारळ दिला, ढाल हातात दिली. मी हसून फोटो दिला आणि मग डोक्यात आलं. बारव गल्ली शून्य कशी? माझ्या घरातली एक कुठं गेली?

ढाल घेऊन तशीच डॉक्टरांच्या खोलीत गेले. म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी माझ्यादेखत औषध मिसळलेलं पाणी चेंबरमध्ये ओतायला लावलं. यंत्रानं क्षणात दाखवलं. ते म्हणाले की यंत्र बरोबर आहे म्हणूनच त्यांना घास गोड लागत नाही. सात गल्ल्यांतले रोगी एका महिन्यात बरे होत नसतात. दवाखान्यातून गोळ्या मात्र सगळे वेळेवर नेतायत. नेतात, आणि घेत नाहीत.

मग त्यांनी मला खुर्चीत बसवून पुढचं सांगितलं. टीबीचे जंतू चिवट. गोळ्यांनी आधी लेचेपेचे मरतात, माणसाला बरं वाटतं. मागे उरतात ते दांडगे. तेव्हाच गोळी थांबवली तर तेच दांडगे वाढतात, आणि पुढे त्यांना ती गोळी लागू होत नाही. मग तो टीबी त्या माणसाचा राहत नाही, खोकल्याबरोबर घरात जातो, शेजारी जातो, आणि जाईल तिथं औषधाला दाद न देणाराच जातो. आम्ही ढाली वाटून गावाला तेच शिकवलं होतं.

घरी आले तेव्हा वन्सं मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सरळ विचारलं, गोळ्या कुठं आहेत. त्यांनी माझ्या हातातल्या ढालीकडे बघितलं आणि तांदळाच्या डब्याकडे बोट केलं. झाकण काढलं तर पाकिटं जशीच्या तशी.

“वृषाली, दिवाळीनंतर अक्षता पडू दे,” त्या म्हणाल्या. “मग मी दुप्पट घेईन.”

“वन्सं, हा काय उपास आहे, आज मोडला म्हणून उद्या दोन करायला? मराल तुम्ही.”

“मेले तर मी एकटी मरेन. पोरीचं लग्न मोडलं तर ती जन्मभर म्हणेल, आईच्या आजारानं मोडलं. म्हणणार नाही ती, पण मला ऐकू येईल.”

मला भयंकर राग आला आणि रडूही आलं. राग वन्संवर नव्हता. ज्या बाईनं मला या घरात उभं केलं, ती माझ्याच समितीच्या बोर्डाला भिऊन मरायला निघाली होती. त्यांना मी डॉक्टरांचं सगळं समजावून सांगितलं, एकट्या नाही मरणार, ईश्वरीला घेऊन मराल, असंही वाट्टेल ते बोलले. त्या घड्या घालत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात विशेष सभा आहे. तो बोर्ड मी उतरवते. तुमचं नाव घेणार नाही. विषय पडला तरी घेणार नाही, हा माझा शब्द.

तो आठवडा घरात अबोला होता. आमचे हे विचारत होते, तुम्हा दोघींचं बिनसलंय का? मी म्हटलं, तुम्ही खिळे विका.

विशेष सभेपुढे एकच विषय होता, ‘शून्य गल्ली’ उपक्रम राज्याच्या पुरस्कारासाठी पाठवायचा. मंत्री येणार, मांडव पडणार. बापूसाहेबांच्या पक्षानं स्वागताचे फ्लेक्स छापायलासुद्धा टाकले होते. विषय माझ्याच समितीचा, म्हणजे मांडायचा मी. मी उठले आणि म्हटलं, सूचक मीच आहे आणि विरोधही माझाच आहे.

सभागृह आधी हसलं. मी बोलत गेले. सांगितलं की बोर्डावर टीबी म्हणून दिसतं ते औषध आहे, रोग नाही. आकडा खाली आला म्हणजे माणसं बरी झाली नाहीत, गोळ्या टाकून बसलीत. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आज ज्याला आपण शून्य म्हणून ढाल देतोय ते उद्या घराघरात खोकणार आहे, आणि तेव्हा त्याला गोळी चालणार नाही. बोर्ड उतरवा, स्पर्धा बंद करा, आकडे डॉक्टरांच्या खोलीत जाऊ द्या, आणि ज्या गल्लीत आकडा पडेल तिथं ढाल नको, डॉक्टर पाठवा.

डॉक्टर भोसेकर उभे राहिले. या वेळी मी त्यांना घसा साफ करायला पुरेसा वेळ मिळवून दिला. दोन बाकांवरून कुजबुज आली तशी मी वळून बघितलं, ती थांबली. त्यांनी सगळं नीट सांगितलं. तरी चेहरे काही हलेनात. प्रत्येकाच्या घरी ढाल लागलेली. शून्य सोडून ‘एक’ मागायला कोण तयार होणार?

बापूसाहेब मुरलेला माणूस. ते चिडले नाहीत. अगदी गोड आवाजात म्हणाले, “ताई, तुमचं आणि डॉक्टरांचं म्हणणं हा अंदाज झाला. गावात इतकी माणसं गोळ्या टाकून बसलीत म्हणता. एक दाखवा. एकच नाव सांगा, मी आत्ता बोर्ड उतरवतो.”

मी उभीच राहिले. नाव माझ्या ओठांवर होतं. एक शब्द, की गाव वाचतं. पण शब्द दिला होता. ज्या भीतीनं ही वेळ आणली तीच भीती मी एका बाईच्या दारात नेऊन ठेवू का? मी म्हटलं, नाव मी सांगणार नाही. बापूसाहेबांनी हात पसरले, बघा, म्हणाले, आणि विषय मताला टाकायला निघाले. मी हरले होते आणि ते मला दिसत होतं.

तेवढ्यात मागे प्रेक्षकांमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुंदा वन्सं उभ्या होत्या. खालून वाचनालयातून कधी वर आल्या कुणास ठाऊक.

बापूसाहेब म्हणाले की प्रेक्षकांना सभागृहात बोलता येत नाही. ते नियमाला धरूनच होतं. वन्सं काही न बोलता पर्स उघडून गोळ्यांचं पाकीट काढायला लागल्या. तसे शफीकभाई उठले.

“अध्यक्षमहोदय, त्या बोलत कुठं आहेत? गोळी घेतायत. सभागृहात औषध घ्यायला कुठला नियम आडवा येतो ते मुख्याधिकाऱ्यांनी सांगावं.”

मुख्याधिकाऱ्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. कुणी हसलं नाही. वन्सं माझ्याकडे बघत होत्या. मी माझ्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास उचलला आणि बाकांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत नेला.

“बारव गल्लीतली ती एक म्हणजे मी,” वन्सं म्हणाल्या. “महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या, बोर्डाला भिऊन. आज सकाळी डॉक्टरांना दाखवून आले, थुंकी तपासायला दिली. परत सुरू करा म्हणाले. ही पहिली इथंच घेते, म्हणजे पुढच्या महिन्यात एक दिसला तर कुणाला शोधत बसायला नको.”

गोळ्या घेतल्या, वर पाणी प्यायल्या, ग्लास माझ्या हातात दिला आणि बसल्या. एवढंच. पण त्या सभागृहात असा कोण होता ज्याला वन्संनी कधी रस्त्यात गाठून पुस्तक मागितलं नव्हतं? बापूसाहेबांनी तर कितीदा त्यांच्या टेबलाशी उभं राहून दंड भरला होता. ते खुर्चीतून उठले. मग म्हणाले, कुंदाताई, माफ करा. आणि मी मांडलेला ठराव त्यांनी स्वतः वाचायला घेतला. बोर्ड उतरवणे, स्पर्धा रद्द, आकडे फक्त आरोग्य अधिकाऱ्यांकडे, गोळ्या थांबवलेल्यांसाठी बिनबोभाट तपासणी. शेवटचा शब्द वाचून होईपर्यंत कुणी बाकाला हात लावला नाही. मग मात्र अशी वाजली की खाली वाचनालयातले लोक बाहेर आले.

संध्याकाळी बोर्ड उतरला. मी जिंकले होते, पण घरी जायला पाय उचलत नव्हता.

आमचे हे दुकान बंद करून आले होते. गावभर झालेली गोष्ट त्यांना गिऱ्हाइकाकडून कळली होती, आणि ते त्यांना फार लागलं. सख्ख्या बहिणीचं दुखणं भावाला सांगायचं नाही? ते वन्संवर चिडले, माझ्यावर चिडले, आणि मग ओट्यावर बसून लहान मुलासारखे रडले. वन्संनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुला सांगितलं असतं तर बोर्ड लावायची गरजच पडली नसती. तेही मग डोळे पुसत हसले.

खरी धास्ती वेगळीच होती. ईश्वरीच्या फोनवर शैलजाबाईंचा निरोप आला होता, ‘उद्या सकाळी येते.’ बाकी काही नाही. मल्हार म्हणत होता की तो आहे, काही झालं तरी आहे. पण ईश्वरीनंच त्याला पहिल्यापासून सांगून ठेवलं होतं की तुझ्या आईला डावलून मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. सासूला सून नको असलेल्या घरात नांदणं काय असतं ते तिनं गल्लीत पाहिलेलं. ती म्हणाली, मामी, मोडलं तर मोडू दे, आई जगली पाहिजे. बोलली ठामपणे, पण भाजीत मीठ दोनदा घातलं.

सकाळी शैलजाबाई एकट्याच आल्या. ना नवरा, ना मुलगा, ना मध्यस्थ. साखरपुड्यातली साडी परत करायला एकटं कोणी येतं का, असं मी मनात म्हणत होते. ह्यांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या की पुरुषमाणसांत बोलण्यासारखं नाही, जरा आत बसू या. मी आणि वन्सं त्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ईश्वरी बाहेर दाराशीच उभी राहिली.

आत आल्यावर शैलजाबाईंनी स्वतःच दार लोटलं. पदरानं तोंड पुसलं. वन्सं ओट्याला टेकून उभ्या होत्या, अंगावर काय येईल ते घ्यायच्या तयारीनं. मी तर भांडायच्याच तयारीत होते. या बाईनं तोंड उघडलं की काय काय सुनवायचं ते मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं.

“काल तुम्ही सगळ्यांसमोर गोळ्या घेतल्या असं मल्हारनं सांगितलं,” शैलजाबाई म्हणाल्या.

“घेतल्या,” वन्सं म्हणाल्या.

“मीही महिनाभर बंद ठेवल्यात.”

मला आधी कळलंच नाही. वन्संना लगेच कळलं.

मग त्या बाई एकदम ओट्याशी खालीच बसल्या आणि बोलत सुटल्या. नवी पेठेतल्या दोघांपैकी एक त्या होत्या. घरी पित्ताच्या गोळ्या म्हणून सांगितलं होतं, ना नवऱ्याला माहीत, ना मुलाला. आमच्या दारात चहा घेताना त्यांनी ‘तुमच्या गल्लीतला कोण’ असं विचारलं, ते आपल्याकडे कुणी बघू नये म्हणून. घरी जाऊन त्याच दिवशी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. सूनबाई येणार, तिच्या माहेरच्यांना काय वाटेल, ही त्यांना धास्ती. आणि चार दिवसांपासून संध्याकाळी पुन्हा अंग कढत होतं.

“आता परत घेतल्या तर चालतील का हो?” त्यांनी विचारलं. “का मी उशीर केला?”

वन्संनी त्यांना हाताला धरून उठवलं. आपल्या मनानं सुरू करायच्या नाहीत, आधी थुंकी तपासायची, मग डॉक्टर सांगतील तशा, असं म्हणत त्यांनी खुंटीवरची पर्स घेतली आणि चपला शोधायला लागल्या. मी म्हटलं, रिक्षा बोलावते. वन्संनी माझ्याकडे असं बघितलं की मी फोन खाली ठेवला. कशाला रिक्षा, म्हणाल्या, पायांना काय झालंय? जाताना दोघींनी तोंडाला पदर लावला, तोही डॉक्टरांनी सांगितलेला, खोकल्यासाठी. बाकी त्या बाजारपेठेतून, सगळ्यांची विचारपूस करत, हळूहळू चालत गेल्या. शैलजाबाईंचा हात वन्संच्या हातात होता.

ईश्वरी धावत आत आली. चेहरा पांढराफटक. बाहेरून तिला नुसतं रडणं ऐकू आलं होतं आणि मग दोघी निघून गेलेल्या दिसल्या.

“मामी, मोडलं का?”

“नाही गं,” मी म्हटलं. “तुझी आई तुझ्या सासूला दवाखान्यात घेऊन गेलीय.”